दहा बाय दहाच्या खोलीत बाळासाठी काय काय घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की सातवा महिना चालू आहे, बडोद्यात मांजलपूरला टू बीएचके आहे, दुसरी दहा बाय दहाची खोली बाळाची करायची आहे आणि चाळीस हजार बाजूला ठेवलेत. नवऱ्याला ऑनलाइन पाहिलेला क्रिब (बाळाचा कठड्याचा पलंग) आणि चेंजिंग टेबलचा (लंगोट बदलायच्या टेबलाचा) सेट हवाय, सासऱ्यांना संखेडा गावचा लाखेनं रंगवलेला लाकडी पाळणा. मी कारेलीबागेत राहते. दोन मुली आहेत, थोरली नऊ वर्षांची, धाकटी चार. थोरलीच्या वेळी आम्ही तो सेटच घेतला होता, त्यामुळे आधी त्याचीच गोष्ट सांगते.

खोली सुंदर झाली होती, पिवळा रंग, ढगांचे स्टिकर, सगळं. पण माझं सिझेरियन झालेलं, आणि पहिल्या आठवड्यात रात्री दोन-दोन तासांनी टाके सांभाळत उठायचं, फ्रिजला वळसा घालून त्या खोलीत जायचं, वाकून बाळ उचलायचं. चौथ्या रात्री मी रडले. मग रात्री दोन वाजता नवरा तो क्रिब आमच्या खोलीत आणायला गेला, तर तो दारातून जाईना. पहाटेपर्यंत माणूस हातात एल-पाना घेऊन स्क्रू काढत बसलेला. सासूबाई नुसत्या बघत होत्या. बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

म्हणून पहिलं सांगणं असं, की दुसऱ्या खोलीवर सध्या एक रुपयाही घालू नका. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनासुद्धा हेच सांगते, की निदान पहिले सहा महिने बाळ आईवडलांच्या खोलीत झोपावं, पण त्यांच्या गादीवर नाही, स्वतःच्या वेगळ्या जागी. तेव्हा टेप घ्या आणि तुमच्या बेडच्या बाजूची मोकळी जागा मोजा. तिथे काय मावतं, त्यावर बाकी सगळं ठरेल. दारांची रुंदीही मोजा, ते विसरू नका.

चेंजिंग टेबल अजिबात नको. आपल्याकडे ते काम जमिनीवर होतं. मालिशवाल्या मावशी पाय पसरून बसतात, बाळाला नडग्यांवर आडवं घेतात, तेल जिरवतात आणि तिथेच लंगोट बांधतात. सासूबाई जुनी गोधडी, त्यावर रबराचं कापड आणि वर धुतलेल्या साडीची घडी एवढ्यावर भागवायच्या. जमिनीवरून कोणी खाली पडत नाही. आमच्या टेबलावर पुढची चार वर्षं इस्त्रीचे कपडे होते.

आता खुर्ची. ही गोष्ट कोणत्याच यादीत वर नसते, आणि मला विचाराल तर पहिली खरेदी हीच करा. दिवसरात्र मिळून आठ-दहा वेळा पाजायला बसायचंय, एकेका वेळेला वीस मिनिटं, अर्धा तास. बेडवर बसून पाजलं की पाठ जाते, आणि टाके असताना जमिनीवरून उठणं म्हणजे दिव्य. खुर्ची अशी हवी की तळपाय पूर्ण जमिनीला टेकतील, पाठ मानेपर्यंत टेकेल, आणि हात इतक्या उंचीवर येतील की कोपर टेकवून खांदे सैल सोडता येतील. हे फोटोवरून कळत नाही. दुकानात जा, उशी मांडीवर घेऊन दहा मिनिटं बसून बघा. दुकानदार विचित्र नजरेनं बघेल, बघू दे. मी धाकटीच्या वेळी साधी वेताची खुर्ची घेतली, साडेचार हजारांची, वर कापसाची गादी शिवून घेतली. डुलणारी आरामखुर्ची घेऊ नका असं नाही, पण तिचे मागचे पाय भिंतीपासून लांब लागतात, छोट्या खोलीत ती अर्धी जागा खाते आणि रांगत्या बाळाची बोटं तिच्याखाली जाऊ शकतात. तुमच्याकडे हिंचको, म्हणजे घरातला झोपाळा, आहे का? दुपारी मी तिथेच पाजायचे. फक्त कड्या करकरत नाहीत ना, ते बघा.

क्रिब घेणारच असाल, आणि घ्यावाच असं मी म्हणेन, तर चार गोष्टी स्वतः हात लावून बघा. दोन दांड्यांमधलं अंतर सहा सेंटिमीटरच्या वर नको. त्यातून अंग बाहेर जातं आणि डोकं अडकतं. पट्टी पर्समध्येच ठेवा. गादी चौकटीत घट्ट बसली पाहिजे, कडेला दोन बोटांपेक्षा जास्त फट राहिली तर ती गादी त्या क्रिबची नाही. एक बाजू खाली सरकते असा क्रिब अजिबात नको. अमेरिकेत २०११ पासून असे क्रिब बनवायला आणि विकायला बंदी आहे, कारण ती सरकती बाजू निखळून बाळं फटीत अडकत होती. आणि गादी ठेवायची उंची बदलता येते का ते विचारा. बाळ बसायला लागलं की ती खाली घ्यावी लागते, आणि तो दिवस फार लवकर येतो.

गादी मऊ नको. दुकानात बोट रुतवून ‘किती सॉफ्ट आहे बघा’ म्हणतील, तीच नको. पिंजून घेतलेली कापसाची गादी आपल्याला आवडते, पण दोन महिन्यांत तिला मधे खड्डा पडतो. काथ्याची किंवा कडक फोमची घ्या. त्यावर एक ताणून बसवलेली चादर, बस्स. उशी, लोड, रजई, कडेला बांधायचे ते गुबगुबीत तक्के, टेडी यातलं क्रिबमध्ये काहीही ठेवायचं नाही, आणि बाळ पाठीवर झोपवायचं. ते तक्के तर अमेरिकेनं २०२२ च्या कायद्यानं बंदच केले. आता तुमच्याकडे कोणीतरी राईची उशी घेऊन येणारच, डोकं गोल व्हायला. आमच्याकडे दोन आल्या होत्या. मी दोन्ही नमस्कार करून घेतल्या आणि कपाटात ठेवल्या. डोकं गोल झालं.

बडोद्यात मच्छरदाणी मात्र लागतेच. ती चौकटीवर ताणून बसणारी घ्या, आत लोंबणारी नको. आणि क्रिब खिडकीखाली ठेवू नका, पडद्याची दोरी हाताला लागते.

सासऱ्यांच्या पाळण्याबद्दल. त्यांचं मन मोडू नका, त्यांचंही बरोबर आहे, फक्त पाळण्याचं काम वेगळं आहे. आम्ही डभोईवरून पुढे संखेड्याला स्वतः जाऊन आलो, पन्नासेक किलोमीटर. सागाचा दांडा लेथवर फिरत असतो, कारागीर त्यावर लाखेची कांडी दाबून धरतो, घर्षणानं लाख वितळते आणि रंग चढतो. नक्षी कथलाच्या रंगानं काढतात, तेव्हा ती चंदेरी असते. वरून लाख चढली की सोनेरी दिसायला लागते. मी तिथून हलत नव्हते. तिथल्या फर्निचरला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव तिथल्याच मालाला लावता येतं, तेव्हा ‘संखेडा स्टाइल’ म्हणून शहरात मिळतं ते आणि हे एक नव्हे. पण आता बरेच जण तयार रासायनिक रंगही वापरतात. दात येताना बाळ कठडा चावणार, म्हणून सरळ विचारा की रंग कोणता, त्यात शिसं आहे का. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) वर नसावं असा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू आहे. माळ्यावरचा आजोबांच्या वेळचा रंगवलेला पाळणा काढणार असाल तर हे आणखी महत्त्वाचं. तो नुसता घासून परत रंगवू नका, घासलेली धूळच वाईट.

आणि तुमच्या शेजारच्या गुजराती काकी घोडियुं, म्हणजे कापडाची झोळी टांगलेला पाळणा, देऊ करतील, ते आनंदानं घ्या. त्या झोळीत, खोयुंत, बाळ जितकं पटकन झोपतं तितकं कशातच झोपत नाही. पण त्यात अंग वाकतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाला अडथळा येऊ शकतो. म्हणून दिवसा, कोणीतरी दोरी धरून समोर बसलेलं असताना, आणि झोप लागली की उचलून सपाट गादीवर. रात्रभर नाही.

कपडे ठेवायला ड्रॉवरचं उंच कपाट घेणार असाल तर एक सांगते. थोरली दोन वर्षांची असताना तिनं खालचे तीन ड्रॉवर उघडले आणि जिना समजून चढली. मी पोळ्या करत होते. आवाज आला, धावले, तर कपाट पुढे कलून बेडच्या कडेवर अडकलेलं आणि ही खाली त्या तिरक्या जागेत बसून मोजे मोजतेय. बेड एक फूट लांब असता तर काय झालं असतं ते मी अजूनही पूर्ण मनात आणत नाही. त्याच संध्याकाळी सुताराला बोलावून ते एल-पट्ट्यांनी भिंतीला आवळलं, दोनशे रुपयांत. तुमचं घर भाड्याचं असेल तरी भोकं पाडा.

सासूबाई तुम्हाला म्हणतील, जन्माआधी घरात काही आणायचं नाही. आमच्याही म्हणाल्या. पण नव्या प्लायला आणि पॉलिशला वास असतो, तो जायला महिना-दीड महिना हवा. आम्ही क्रिब आधी घेतला आणि माझ्या बहिणीच्या गॅलरीत उघडा ठेवला. त्यांचा शब्द राहिला, वासही गेला.

हिशोब केलात तर चाळीसातले निम्मेही लागणार नाहीत. पाळणा बारशापुरताच हवा असेल, ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ म्हणायला, तर विकत घेऊच नका. आमचा सध्या दांडियाबाजारात मामेसासूबाईंच्या नातवाकडे गेलाय, महिन्याभरात परत येईल. लागला तर कळवा, घेऊन जा. डाव्या बाजूचं एक घुंगरू तेवढं गेलंय.