डाव्या बाजूची कळ

बाळा,

तुझा मेसेज काल रात्री साडेअकराला पाहिला. ‘सर, कमरेत डावीकडे दुखतंय, दहा दिवसांवर ट्रायल आहे, गोळी घेऊन टाकू का?’ बॉलला हात लावू नकोस, एवढं मी लगेच कळवलं आणि फोनवर चार प्रश्न विचारले. पण तेवढ्याने तुझी रात्र काही सुखाची गेली नसणार. म्हणून आज विकेटवर पाणी मारून झाल्यावर, मुलं यायच्या आत, हे सविस्तर लिहायला बसलोय.

तू फास्ट बॉलिंग टाकतोस उजव्या हाताने आणि दुखतंय डावीकडे, पँटचा पट्टा येतो त्याच्या आसपास. मागे वाकलं की जास्त कळ येते. मांडीत किंवा पोटरीत नाही, एका बोटाने दाखवता येईल अशा जागी. हे ऐकलं आणि माझी झोप उडाली.

बॉल सोडताना तुझा डावा पाय क्रीजवर आपटतो, तेव्हा तुझ्या वजनाच्या पाच-सहा पट भार त्या पायातून वर चढतो. नेमक्या त्याच वेळी कंबर मागे ताणलेली, डावीकडे झुकलेली आणि वळत असते. हा सगळा पीळ मणक्याच्या मागच्या अंगाला असलेल्या हाडाच्या एका बारीक पट्टीवर येतो, बहुतेकदा कमरेच्या अगदी खालच्या दोन मणक्यांत. एका बॉलने काही होत नाही, शंभराने नाही. पण दोरीने काचून विहिरीच्या दगडालाही खाचा पडतात, तसं ते आहे. मधे उसंत मिळाली तर हाड ती खाच भरून काढतं आणि उलट आणखी घट्ट होतं. उसंत नाही मिळाली तर खाचेची चीर होते. तुझी उंची वाढायची थांबली असेल, पण कमरेतलं हाड पुरतं भरायला पंचविशी उजाडते. सतराव्या वर्षी ते कच्चंच असतं, तू कितीही दंड-बैठका मार.

मी डॉक्टर नाही आणि तुला चीर गेलीच आहे असं म्हणत नाही. पण एमआरआय काढायचाच. साधा एक्स-रे काढून ‘काही नाही’ म्हणून घरी यायचं नाही. चीर पडण्याआधी हाड आतून सुजतं, ती सूज एमआरआयमध्ये दिसते, एक्स-रेत दिसत नाही. त्या टप्प्यावर कळलं तर महिने वाचतात.

हे मी कुठे शिकलो ते तुला कधी सांगितलं नव्हतं. एकोणीस वर्षांचा असताना मलाही हीच कळ आली. तेव्हाच्या माझ्या कोचनी स्प्रे मारला, कमरेला पट्टा बांधायला लावला आणि जिद्द कमी पडतेय म्हणाले. एक्स-रेत काही दिसलं नाही, म्हणून स्नायू धरलाय असं ठरलं. गोळ्या घेत मी सहा आठवडे तसाच टाकत राहिलो. एका मॅचला चौथ्या ओव्हरमध्ये डावा पाय टेकला आणि पायात जीवच राहिला नाही. अंपायरने दंडाला धरून बाहेर आणलं. हाड दोन्ही बाजूंनी गेलं होतं. पुढे ऑफस्पिन टाकत काही वर्षं क्लबला खेळलो, पण पळत येऊन टाकणं तिथेच संपलं. त्या कोचवर माझा राग नाही, त्यांना हे ठाऊकच नव्हतं. तुला आणि मला ठाऊक आहे.

आता वहीकडे येऊ. जूनमध्ये तुला शंभर पानी वही दिली होती, टाकलेला प्रत्येक बॉल लिहायला. तू फक्त माझ्या नेटचे बॉल लिहिलेस. काल फोनवर विचारून मी बाकीचे भरले. परीक्षा संपल्यानंतरचा तो आठवडा बघ. मंगळवारी कॉलेजच्या नेटला ७२. बुधवारी जिल्ह्याच्या सरावाला ६०. गुरुवारी माझ्याकडे ७२. शनिवारी इन्व्हिटेशनची मॅच, १७ ओव्हर, म्हणजे १०२. रविवारी दुसऱ्या डावात ९ ओव्हर, ५४. आणि रविवारीच रात्री गावच्या टेनिस बॉल स्पर्धेत तीन मॅच, दोन-दोन ओव्हर, ३६. एकूण ३९६. त्याआधीचे दोन आठवडे परीक्षेचे, शून्य. त्याच्याही आधीच्या आठवड्यात ९०.

कॉलेजच्या सरांना ७२ दिसले. जिल्ह्याच्या कोचना ६०. कॅप्टनला १७ ओव्हर दिसल्या आणि पाच विकेट दिसल्या. टेनिसच्या टीमला तर ३६ म्हणजे काहीच नाही. मलाही माझे ७२च दिसले, आणि ते मला लागून राहिलंय. ३९६ हा आकडा आमच्यापैकी कोणाकडेच नव्हता. तो फक्त तुझ्याकडे असू शकतो, कारण सगळीकडे जाणारा तू एकटाच आहेस. मोठ्या खेळाडूंच्या मागे बंगळुरूत बीसीसीआयचं अख्खं सेंटर ऑफ एक्सलन्स बसलेलं असतं, नेटमधला एकेक बॉल मोजायला. तुझ्यामागे ही वही आहे.

तो आठवडा संपून आज तेवीस दिवस झाले. ‘तेव्हा तर काहीच दुखलं नाही’ असं तू काल दोनदा म्हणालास. दुखत नाहीच तेव्हा. ऑस्ट्रेलियात प्रथम श्रेणीच्या गोलंदाजांवर अभ्यास झाला. एका सामन्यात ५० हून जास्त ओव्हर टाकणाऱ्यांना दुखापतीचा धोका वाढला तो पुढच्या तीन-चार आठवड्यांत. इंग्लंडच्या मंडळाचा कित्येक वर्षं असा दंडक होता की सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने एका स्पेलमध्ये, म्हणजे सलग, ७ आणि दिवसात १८ ओव्हर्सच्या वर जायचं नाही. तुझ्या १७ त्यात बसतात, पण पहिला स्पेलच १० ओव्हर्सचा होता. आणि दिवसाचा हिशेब बसला तरी आठवड्याचा बसत नाही. दोन आठवडे शून्यावर असलेलं शरीर एकदम ३९६ वर नेलंस, दुखण्याचं मूळ त्या उडीत आहे.

सिराजचं म्हणशील. मागे एकदा म्हणालाच होतास. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात तो पाचही कसोटी खेळला, १८५.३ ओव्हर टाकल्या, २३ विकेट घेतल्या आणि ओव्हलला शेवटच्या सकाळी ॲटकिन्सनचा त्रिफळा उडवून ६ धावांनी सामना जिंकून दिला. मीही तो बघताना खुर्चीवरून उठलो होतो. आता त्या ओव्हर्सचे बॉल कर. १११३. मालिका साडेसहा आठवड्यांची, म्हणजे आठवड्याला सामन्यातले साधारण १७० बॉल. सरावाचे वेगळे, पण सामन्यांच्या धामधुमीत ते मोजून-मापूनच असतात. तू एका आठवड्यात ३९६ टाकलेस. तो तेव्हा एकतीस वर्षांचा होता, हाड पक्कं, पाठीशी वर्षानुवर्षांची प्रथम श्रेणीची गोलंदाजी.

आणि त्याच मालिकेत बुमरा तीनच कसोट्या खेळला म्हणून लोकांनी त्याला नको नको ते सुनावलं. मला ते ऐकवत नव्हतं. त्या माणसाची पाठ २०१९ मध्ये धरली, २०२२ मध्ये पुन्हा, टी-ट्वेंटी विश्वचषक हुकला, २०२३ मध्ये न्यूझीलंडला शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर २०२४-२५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्याने १५१.२ ओव्हर्समध्ये ३२ विकेट घेतल्या. त्यातल्या ५३.२ ओव्हर एकट्या मेलबर्नच्या कसोटीतल्या. चार दिवसांनी सिडनीला उतरला आणि पहिल्याच डावात पाठीमुळे मैदान सोडावं लागलं, दुसऱ्या डावात एक बॉल टाकता आला नाही. इतक्यांदा पाठ दुखावलेला माणूस तीन कसोट्या खेळतो त्याला कामचुकार म्हणायचं?

तुझे बाबा कपिलदेवचं नाव काढतील. काढू देत. १३१ कसोट्या, ४३४ विकेट, आणि दुखापतीमुळे एकही कसोटी चुकली नाही, हे सगळं खरं. त्यात शिकण्यासारखं मोठं आहे. भरपूर टाकल्यानेच गोलंदाज घडतो, नुसत्या जिमने नाही. म्हणूनच मी तुला ‘कमी टाक’ म्हणत नाही. पण कपिलची ॲक्शन कशी होती तेही बघ, खांदा आणि कंबर एका रेषेत, अंगात कुठे विरुद्ध पीळ नाही. तुझी कंबर समोर बघते आणि खांदे आडवे राहतात, ते आपल्याला सुधारायचंच आहे. शिवाय त्या काळात जी मुलं मोडून घरी बसली त्यांची नावं बाबांना ठाऊक नाहीत, मलाही नाहीत. ती कुठे छापूनच आली नाहीत.

हे वर्ष गेलं तर सगळं गेलं असं तुला वाटतंय. पॅट कमिन्सचं ऐक. अठराव्या वर्षी, २०११ मध्ये, जोहान्सबर्गला कसोटी पदार्पण, दुसऱ्या डावात ७९ धावांत ६ बळी, सामनावीर. त्याच वर्षी शेफिल्ड शील्डच्या, म्हणजे त्यांच्याकडच्या रणजीच्या, फायनलला त्या पोराकडून ६५ ओव्हर टाकून घेतल्या होत्या. पुढची कसोटी तो कधी खेळला? मार्च २०१७, आपल्या रांचीत. मधली पाच वर्षं पाठ आणि बाकीच्या दुखापतींत गेली. नंतर तोच ऑस्ट्रेलियाचा कर्णधार झाला. त्यांचाच जुना फास्ट बॉलर डेनिस लिली १९७३ मध्ये वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर पाठ मोडून घेऊन आला, प्लास्टरमध्ये राहिला, वर्षभर शरीर नव्याने बांधलं आणि ३५५ विकेट घेऊन निवृत्त झाला. मग १९८७ पासून चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये त्याने आपल्या पोरांना शिकवलं. आपला श्रीरामपूरचा झहीर खान तिथलाच.

आणि उमेश यादव. खापरखेड्याचा. विशीच्या उंबरठ्यापर्यंत तो टेनिस बॉलनेच खेळत होता. २००८ ला विदर्भाकडून रणजी, २०११ ला कसोटी, पुढे ५७ कसोट्यांत १७० विकेट. तुझ्या वयात त्याच्या नावावर सीझन बॉलची एक मॅच नव्हती. तुझी एक ट्रायल चुकतेय.

रिपोर्टमध्ये काही निघालं तर तीन-चार महिने बॉल बंद, कधी सहाही लागतात. ते डॉक्टर ठरवतील आणि आपण मोडणार नाही. सगळ्यात अवघड काळ पाचव्या-सहाव्या आठवड्याला येतो. तेव्हा दुखणं पूर्ण थांबलेलं असतं आणि हाड जुळलेलं नसतं. माझ्याकडे शिकणाऱ्या दोन मुलांनी तिथेच घाई केली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. त्या काळात तू ग्राउंडवर यायचं, स्कोअर लिहायचा, बॅटिंगचंही डॉक्टरांना विचारून. परवानगी मिळाली की आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस आड, १८-१८ बॉल, हिरवळीवर, चार पावलांच्या रन-अपने. वेगाचं नाव काढायचं नाही. दर आठवड्याला थोडे-थोडे वाढवत सीझनच्या तोंडाला दीडशेच्या आसपास येऊ. सिमेंटच्या पिचवर टाकणं कायमचं बंद. पुढच्या परीक्षेतसुद्धा आठवड्यातून दोनदा दोन-दोन ओव्हर टाकायच्या. शून्यावर जायचं नाही.

टेनिसच्या टीमला नाही म्हणणं तुला जड जाणार, ती तुझ्या चुलतभावाची टीम आहे. त्याला माझं नाव सांग. मोबाईलवर स्पीड मोजायचं ते ॲपही काढून टाक. २०२४ च्या आयपीएलमध्ये मयंक यादवने ताशी १५६.७ किलोमीटरने बॉल टाकला आणि तुम्ही सगळे वेडे झालात. त्या सीझनला तो चारच सामने खेळू शकला, हेही लक्षात ठेव.

ट्रायलच्या निवड समितीला मी स्वतः फोन करणार आहे. तू ‘घरी काम आहे’ वगैरे काही सांगू नकोस. दुखापत लपवलेला मुलगा पुढे कोणालाच परवडत नाही, आणि सांगितलेला लक्षात राहतो. बाबांशी मी आज संध्याकाळी बोलतो. एमआरआयच्या खर्चाची काळजी तू करू नकोस, ते आम्ही दोघं बघू.

उद्या सकाळी आठच्या एसटीने ये. मी स्टँडवर थांबतो, तिथून थेट हॉस्पिटलला जाऊ. बसमध्ये मागच्या सीटवर बसू नकोस, खड्ड्यांनी हाल होतील. येताना वही आण आणि मागच्या दोन महिन्यांचे आकडे आठवतील तसे भरून आण. टेनिसचेही.

तुझे सर