ओळखीचे वाटणारे शब्द: तोक्योला निघालेल्या ताईंना उत्तर

ताई, तुम्ही लिहिलंत की पुण्यात जपानीच्या परीक्षेची एन-फोर पातळी पार झालीय, एप्रिलमध्ये यजमानांबरोबर तोक्योला यायचंय, मुलगी चार वर्षांची आहे. आणि विचारलंत, की जपानीतले कितीतरी शब्द कानाला ओळखीचे लागतात, तर त्या ओळखीच्या जोरावर सुरुवातीचे महिने निभावतील का? मी अकरा वर्षं इथे तोक्योच्या एदोगावा भागात, निशि-कासाइला राहते. माझा अनुभव सांगते. जे शब्द आपल्यासारखे ऐकू येतात ते बहुतेक वेळा आपले नसतात. आणि जे खरंच आपल्याकडून इथवर आले, ते समोर उभे राहिले तरी ओळखू येत नाहीत. कुठला शब्द कोणाबरोबर आला हे कळलं, की त्याच्यावर कितपत विसंबायचं ते कळतं.

मुलीपासून सुरुवात करते, कारण तुमचंही तेच होणार आहे. माझी लेक होइकुएनला, म्हणजे इथल्या पाळणाघरात जायला लागली, तेव्हा तिथल्या बाई मला आठवडाभर ‘आइ-सान’ म्हणत होत्या. संध्याकाळी मी दारात दिसले की लेक ‘आई!’ करून धावत यायची, आणि बाईंना वाटलं ते माझं नावच आहे. जपानीत ‘आइ’ म्हणजे प्रेम, आणि मुलींचं हे अगदी नेहमीचं नाव. मूल आईला नावाने हाक मारतं याचं त्यांना नवल वाटलं असणार, पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. शेवटी रेनराकुचोमध्ये, म्हणजे घर आणि पाळणाघर यांच्यात रोज ये-जा करणाऱ्या वहीत, मी लिहिलं: मराठीत ‘आई’ म्हणजे ‘ओकाआसान’. दुसऱ्या दिवशी बाईंनी त्याच ओळीखाली ‘बाबा’ला काय म्हणता ते विचारलं होतं. तुम्ही पहिल्याच दिवशी हे लिहून द्या. मूल रडताना मराठीतच रडतं, तेव्हा ‘पाणी’, ‘शू’, ‘दुखतंय’ हेही त्याच पानावर असू द्या. (घरात कोणाचं नाव उमा असेल तर तयारी ठेवा, जपानीत उमा म्हणजे घोडा.)

त्याच पाळणाघराने सामानाची यादी दिली, तीत ‘काप्पा’ होता. आपला कप्पा म्हणजे कपाटाचा. मला जपानी काप्पा ठाऊक होता तो नदीतला, गोष्टींमधला पाणभुत्या. त्याला काकडी आवडते, म्हणून काकडीच्या सुशीला काप्पामाकि म्हणतात. यादीतला काप्पा तिसराच निघाला: रेनकोट. तो पोर्तुगीज ‘कापा’वरून आलेला, म्हणजे अंगावर घ्यायचा झगा. नदीतल्या काप्पाशी त्याचं काही नातं नाही.

पोर्तुगीज इथे कुठून आले, हा प्रश्न मला पडला तो पानाच्या निमित्ताने. जपानीत पान म्हणजे पाव. आपलं पान संस्कृत ‘पर्ण’पासून झालेलं, झाडाचं, विड्याचं, वहीचं. जपानी पान आला पोर्तुगीज ‘पांव’पासून, आणि आपला पावही तिथूनच. पोर्तुगीजांनी गोवा घेतला 1510 मध्ये, तानेगाशिमा बेटावर ते पोचले 1543 मध्ये. फ्रान्सिस झेवियर गोव्याहून मलाक्कामार्गे 1549 च्या ऑगस्टमध्ये कागोशिमाला उतरले. त्यांचे अवशेष आज जुन्या गोव्यात आहेत. एकाच दर्यावर्दी लोकांनी एकच शब्द दोन किनाऱ्यांवर उतरवला. शेवटचा नाकातला सूर जपान्यांनी ‘न’ करून ठेवला, आपण त्याचा ‘व’ केला. आणि आपल्याकडे आधीपासून ‘पाद’पासून आलेला दुसरा पाव होताच, पावशेरातला. म्हणजे पाव-पाव सख्खे नाहीत, पण पाव आणि पान सख्खे भाऊ आहेत. हे समजलं त्या दिवशी कोपऱ्यावरच्या बेकरीची पाटी मला परकी वाटेनाशी झाली. तिथे आन्पान मिळतो, अझुकि नावाचं लाल कडधान्य वाटून केलेल्या गोड पुरणाचा. तोक्योच्या गिन्झा भागात 1874 मध्ये पहिल्यांदा झाला. मुलीला नक्की आवडेल. शाकाहारी असाल तर कारेपानपासून मात्र जपा. नाव करीचं, पण आत बहुधा मांस असतं.

सगळ्यात जास्त घोटाळा इंग्रजीसारख्या दिसणाऱ्या शब्दांत होतो. घर शोधताना ‘मान्शोन’ दिसेल. तो बंगला नव्हे, काँक्रीटच्या बहुमजली इमारतीतली साधी सदनिका. ‘आपाआतो’ बहुतेक लाकडी किंवा हलक्या लोखंडी सांगाड्याचं, दोनेक मजल्यांचं असतं, आणि त्यात शेजारी खोकलं तरी ऐकू येतं. लहान मूल असेल तर मी मान्शोनच बघायला सांगेन. ‘साआबिसु’ म्हणजे फुकट दिलेलं. भिंतीतलं प्लग पॉइंट म्हणजे ‘कोन्सेन्तो’, संमतीशी त्याचा संबंध नाही. त्यातून येते 100 व्होल्ट वीज, त्यामुळे तुमचा 230 व्होल्टचा मिक्सर नुसता आणून चालणार नाही.

आणि स्टोव्ह. मी ऑक्टोबरमध्ये आले. घर रिकामं, स्वयंपाकाच्या ओट्यावर शेगडीची जागा मोकळी; इथे भाड्याच्या घरांत असं पुष्कळदा असतं. दुकानात जाऊन ‘सुतोओबु’ मागितला. दुकानदाराने आदराने मला खोली गरम करायच्या रॉकेलच्या यंत्रांसमोर नेऊन उभं केलं. मी हाताने भात ढवळल्यासारखं करून दाखवत राहिले, आणि तो यंत्राच्या वर किटली ठेवता येते ते दाखवत राहिला. स्वयंपाकाची शेगडी म्हणजे ‘कोन्रो’. घेण्याआधी घरात गॅस कुठला आहे ते विचारा, नळाचा की प्रोपेनचा. दोन्हींच्या शेगड्या वेगळ्या असतात, एकाची दुसऱ्याला लावणं धोक्याचं आहे.

दवाखान्यात इंग्रजीऐवजी जर्मन कामाला येतं. एकोणिसाव्या शतकातल्या मेइजी काळात इथल्या वैद्यकाने जर्मनीचा आदर्श घेतला, म्हणून रुग्णाचा कागद ‘कारुते’ आणि अॅलर्जी ‘आरेरुगी’, तोही ‘ग’ने. मुलीला शेंगदाणा किंवा औषध सोसत नसेल तर हा शब्द आजच पाठ करा. आणि एक लक्षात ठेवा: ‘आरेरुगी नाही ना?’ असं विचारल्यावर ‘हाइ’, म्हणजे ‘हो’, म्हटलंत तर त्याचा अर्थ ‘बरोबर, नाही’ असा घेतला जाईल. तिथे पूर्ण वाक्य बोला.

आता आपले खरे नातेवाईक. ते बौद्ध ग्रंथांबरोबर आले, चीनमधून, चिनी अक्षरांच्या वेषात, म्हणून ओळखू येत नाहीत. क्षणाचा झाला ‘सेत्सुना’, नरकाचा ‘नाराकु’. काबुकी या जुन्या नाट्यप्रकाराच्या रंगमंचाखालच्या तळघरालाही नाराकुच म्हणतात. सुशीच्या दुकानात भाताला ‘शारि’ म्हणतात, तो आपला ‘शरीर’. बुद्धाच्या अस्थींना हा शब्द होता, आणि पांढऱ्या बारीक दाण्यांवरून तो तांदळाला लागला. पहिल्यांदा कळलं तेव्हा हातातला घास मी थोडा वेळ तसाच धरून बसले होते. ‘पात्र’ झालं ‘हाचि’, वाडगा. कुंडीला म्हणतात ‘उएकिबाचि’. ‘प’चा ‘ह’ कसा झाला याची खूण जपानी मुळाक्षरांतच आहे. आ इ उ ए ओ, मग का सा ता ना हा मा या रा वा. हा क्रम संस्कृतच्या अभ्यासातून आलेला. आपल्या ‘प’च्या जागी तिथे ‘हा’ बसलेला दिसेल, कारण तो एके काळी ‘प’च होता. तुम्हाला जपानी शब्दकोश चाळणं सोपं जाईल ते यामुळे.

शेजारच्या आजी तुम्हाला विचारतील, ‘दान्ना-सान बरे आहेत का?’ दान्ना म्हणजे नवरा. शब्द आला संस्कृत ‘दान’पासून: आधी भिक्षूंना दान देणारा, मग आश्रयदाता, मग धनी, मग घरधनी. तुम्ही मला लिहिताना ‘यजमान’ म्हणालात. तोही यज्ञ करवून घेणारा, दक्षिणा देणारा, आणि मराठीत येता येता नवरा झाला. आजींना ‘दान्ना’ म्हणू द्या. तुम्ही स्वतःच्या नवऱ्याबद्दल बोलताना ‘ओत्तो’ म्हणा.