वाचकांचे प्रश्न : स्टील गिटारला कोणता ॲम्प्लिफायर परवडतो?

प्रश्न : मी दोन वर्षे पेडल स्टील गिटार शिकत असून सरावासाठी 20 वॅटचा लहान ॲम्प्लिफायर वापरतो. अलीकडे ड्रम आणि बास गिटार असलेल्या एका वाद्यवृंदात वाजवू लागलो आणि तेव्हापासून माझा आवाज एक तर ऐकू येत नाही, नाही तर फाटतो. नवाच ॲम्प्लिफायर घ्यायचा आहे; जुन्याची दुरुस्ती मला जमणार नाही. दुकानात दोन पसंत पडले आहेत. पहिला 50 वॅटचा असून त्यात दोन चॅनेल आणि ढीगभर इफेक्ट आहेत. दुसरा 100 वॅटचा, एकाच चॅनेलचा, मोजक्या बटणांचा, आणि तरीही पहिल्यापेक्षा महाग आहे. विक्रेता पहिलाच घ्या म्हणतो. पैसे बेताचेच आहेत. काय करावे?

उत्तर : दुसरा घ्यावा. विक्रेत्याचा सल्ला साध्या इलेक्ट्रिक गिटारवादकासाठी चुकीचा नाही, तो आपल्या वाद्याला लागू पडत नाही इतकेच. म्हणून कारणे थोडी विस्ताराने सांगतो. जोर लावला की आवाज थोडा खरखरीत व्हावा अशी साध्या गिटारच्या पुष्कळ वादकांची अपेक्षाच असते आणि दुसरे चॅनेल बहुधा त्यासाठीच दिलेले असते. स्टील गिटारमध्ये मात्र दोन-तीन तारांचे स्वर पोलादी बारखाली एकत्र सरकत असतात. त्यांत ॲम्प्लिफायरने स्वतःची खरखर मिसळली, की स्वरांमधली अंतरे गढूळ होतात आणि ज्या मींडेसाठी हे वाद्य हाती घेतले तीच हरवते.

खरी अडचण आपल्या उजव्या पायाखाली आहे. तार छेडल्याबरोबर तिचा आवाज ओसरू लागतो आणि तो ओसरत असताना वादक व्हॉल्यूम पेडल हळूहळू दाबत नेऊन स्वर लांबवतो. याचा अर्थ असा, की छेडण्याच्या क्षणी पेडल अर्धवटच दाबलेले असते. समजा त्या क्षणी पेडलने आवाज 10 डेसिबलने खाली ठेवला आहे, तर आपल्या 20 वॅटच्या ॲम्प्लिफायरपैकी फक्त 2 वॅट कामाला लागलेले असतात आणि बाकीचे 18 स्वर टिकवण्यासाठी राखून ठेवावे लागतात. ड्रमसमोर 2 वॅटचा निभाव लागत नाही. आपण बटण वर चढवता, राखीव शक्ती संपते आणि पेडल दाबताच आवाज फाटतो. आवाज न फाटता वर चढण्यासाठी उरलेल्या या जागेला वादक ‘हेडरूम’ म्हणतात, आणि स्टील गिटारचा ॲम्प्लिफायर घेताना आपण मुख्यतः हेडरूमच विकत घेत असतो.

तरीही नुसत्या वॅटच्या आकड्याने हुरळून जाऊ नये. शक्ती दुप्पट केली तर आवाज केवळ 3 डेसिबलने वाढतो, आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटावा यासाठी शक्ती दहापट लागते. म्हणजे 20 वॅटवरून 200 वॅटवर गेलात तरी कानाच्या हिशेबाने आवाज दुपटीच्या आसपासच राहतो. स्पीकरची संवेदनशीलता म्हणूनच पाहावी. एका वॅटला एक मीटर अंतरावर 100 डेसिबल देणारा स्पीकर आणि 97 डेसिबल देणारा स्पीकर यांतला फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण पहिल्याला जोडलेले 50 वॅट हे दुसऱ्याला जोडलेल्या 100 वॅटच्या बरोबरीचे ठरतात. माहितीपत्रकात हा आकडा नसेल तर स्पीकरचे नाव विचारून त्याच्या उत्पादकाच्या पत्रकात तो शोधावा.

माहितीपत्रकातली आणखी एक गोम अशी, की सॉलिड-स्टेट, म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हऐवजी ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या, ॲम्प्लिफायरची शक्ती बऱ्याचदा 4 ओहमच्या भारावर (ओहम हे विजेला होणाऱ्या रोधाचे माप) मोजून छापलेली असते आणि आत बसवलेला स्पीकर मात्र 8 ओहमचा असतो. अशा वेळी छापलेल्या 100 वॅटपैकी प्रत्यक्षात निम्म्याहून थोडेच अधिक मिळतात; पूर्ण शक्ती हवी असेल तर बाहेरून आणखी एक 8 ओहमचा स्पीकर जोडावा लागतो, आणि तोही पैसे मोजूनच. ‘पीक’ असे लिहिलेला आकडा तर खरेदीच्या हिशेबात धरूच नये. सलग देता येणारी शक्ती किती, एवढेच विचारावे.

या वाद्यासाठी लागणाऱ्या शक्तीचा अंदाज जुन्या, नावाजलेल्या नमुन्यांवरून येतो. अमेरिकेत स्टील गिटारवादकांनी वर्षानुवर्षे वापरलेला फेंडरचा ट्विन रिव्हर्ब 85 वॅटचा आणि 12 इंची दोन स्पीकरचा आहे. पीव्ही कंपनीने खास स्टील गिटारवादक डोळ्यांसमोर ठेवून काढलेला नॅशव्हिल 400 सुमारे 210 वॅटचा आणि 15 इंची एका स्पीकरचा होता, तर त्याच घराण्यातला नॅशव्हिल 112 हा 80 वॅटचा आणि 12 इंची स्पीकरचा. ड्रमबरोबर वाजवायचे असेल तर 80 वॅटच्या खाली उतरू नये, असे माझे मत या आकड्यांवरूनच बनले आहे. 50 वॅटचा पर्याय वाईट म्हणता येणार नाही. पण वर्षभरात तो पुन्हा अपुरा पडेल, आणि दोनदा केलेली खरेदी कोणत्याच सवलतीत भरून निघत नाही.

15 इंची स्पीकर हवाच का, असे पुष्कळ जण विचारतात. पेडल स्टीलच्या तारा जुळवण्याच्या दोन रूढ पद्धती आहेत, ई-नाइन आणि सी-सिक्स. ई-नाइन जुळणीत सर्वांत खालची तार साधारण 123 हर्ट्झवर बोलते, म्हणजे ती साध्या गिटारच्या 82 हर्ट्झच्या खालच्या तारेपेक्षाही वरच आहे, आणि 12 इंची चांगला स्पीकर तिला सहज पेलतो. सी-सिक्स जुळणीची खालची तार मात्र 65 हर्ट्झपर्यंत उतरते. दोन्ही जुळण्यांसाठी वेगवेगळ्या तारा असलेले दुहेरी मानेचे वाद्य असेल, किंवा पुढे सी-सिक्सकडे वळायचे असेल, तरच 15 इंचांसाठी जास्त पैसे मोजावेत.

मोजक्या बटणांविषयी एकच गोष्ट तपासावी. मध्यम स्वरांचे बटण कोणत्या कंप्रतेवर काम करते हे ठरवता येते का? पेडल स्टीलच्या आवाजातला नाकातून आल्यासारखा भाग बहुधा 800 हर्ट्झच्या आसपास असतो आणि तेवढाच कमी करता आला तर वाद्य एकदम गोड वाटू लागते. ही सोय असलेला साधा ॲम्प्लिफायर मी ढीगभर इफेक्टवाल्या ॲम्प्लिफायरपेक्षा केव्हाही पसंत करीन. रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला घुमारा देणारी सोय, मात्र अंगचाच असलेला बरा. नसेल तर वेगळे पेडल घेता येते, पण त्याची किंमत आजच हिशेबात धरावी.

दुकानात ॲम्प्लिफायर पारखताना आपले वाद्य, आपला बार, आपले व्हॉल्यूम पेडल आणि आपली केबल घेऊन जावी, आणि वादकांच्या समूहात लागतो तेवढा आवाज करून पाहण्याची परवानगी आधीच मागून ठेवावी. मी स्वतः एकदा या बाबतीत पुरता फसलो आहे. शांत दुकानात, दुकानदाराच्या साध्या गिटारवर, अगदी हलक्या आवाजात मोहून जाऊन घेतलेला ॲम्प्लिफायर पहिल्याच कार्यक्रमात खालच्या तारांना घोगरा झाला, आणि त्यात दोष दुकानदाराचा नव्हता, माझ्या संकोचाचा होता. खालची तार छेडून पेडल पूर्ण दाबावे आणि कॅबिनेटचे एखादे फळकूट थरथरते का ते ऐकावे. मग बाराव्या घराच्या वर बार नेऊन वरच्या तारा वाजवाव्यात. तिथे आवाज कानाला टोचला तर टोनची बटणे फिरवून तो मवाळ होतो का, ते पाहावे. शेवटी दुसऱ्या कुणाला वाजवायला सांगून आपण तीन-चार मीटर दूर, स्पीकरच्या समोर उभे राहावे, कारण जमिनीवर ठेवलेला ॲम्प्लिफायर बसलेल्या वादकाच्या गुडघ्यांना जे ऐकवतो ते श्रोत्यांना ऐकू येणाऱ्या आवाजापेक्षा बरेच वेगळे असते.

किंमत कमी करून घेण्याचे खात्रीचे मार्ग थोडेच आहेत. नमुन्याची सुधारित आवृत्ती बाजारात आली की आधीच्या आवृत्तीचे न विकले गेलेले नग स्वस्तात निघतात, आणि आपल्या गरजेच्या दृष्टीने दोहोंतला फरक पुष्कळदा इफेक्टच्या यादीपुरताच असतो. दुकानात मांडून ठेवलेला किंवा खोके उघडून परत आलेला नगही कमी किमतीत मिळतो; त्यावर उत्पादकाची पूर्ण वॉरंटी लागू आहे, असे पावतीवर लिहून मिळत असेल तर ओरखड्यांकडे दुर्लक्ष करावे. रोख रकमेत सूट मिळत नसेल तेव्हा झाकण, केबल किंवा पायाचे स्विच मागून पाहावे. दुकानदाराला अशी वस्तू देणे रोख सूट देण्यापेक्षा सोपे जाते.

प्रश्न : नव्या कीबोर्ड ॲम्प्लिफायरवर चांगली सवलत आहे आणि शक्तीही भरपूर आहे. त्यावर पेडल स्टील वाजवले तर चालेल का?

उत्तर : चालेल, पण दोन गोष्टी सांभाळाव्या लागतील. गिटारचा स्पीकर साधारण 5,000 हर्ट्झच्या वर आपोआप मंदावतो आणि स्टील गिटारचा ओळखीचा मऊपणा काही अंशी त्यातूनच येतो. कीबोर्ड ॲम्प्लिफायरमध्ये उंच स्वरांसाठी वेगळा छोटा स्पीकर असतो. तो बारची प्रत्येक घासण्याची करकर प्रामाणिकपणे ऐकवतो. त्याचा आवाज कमी किंवा बंद करण्याची सोय असेल तरच पुढे जावे.

दुसरी गोष्ट आत जाणाऱ्या जोडणीची. स्टील गिटारच्या चुंबकीय पिकअपला दहा लाख ओहमच्या आसपास इम्पिडन्स (विद्युत रोध) असलेली जोडणी मानवते, आणि कीबोर्डसाठी दिलेल्या जोडणीचा इम्पिडन्स त्याहून पुष्कळच कमी असू शकतो. मग वरचे स्वर दबतात आणि वाद्यावर गोधडी टाकल्यासारखा आवाज येतो. गिटार आणि व्हॉल्यूम पेडल यांच्यामध्ये एक लहानसा बफर, म्हणजे पिकअपचा क्षीण संकेत जोडणीच्या ओझ्यापासून वाचवणारे उपकरण, बसवला की हा दोष बराचसा जातो. साध्या पोटेन्शिओमीटरच्या पेडलमुळे होणारी स्वरांची झीजही त्याने कमी होते. बफरची किंमत मिळवूनही सवलत उरत असेल तर खुशाल घ्यावा. पुढे गाण्याच्या मायक्रोफोनलाही त्याचा उपयोग होईल, ही जमेची बाजू आहे.

प्रश्न : व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायरच खरा, बाकी सगळे कामचलाऊ, असे माझे गुरुजी म्हणतात. पण मला पाठदुखी आहे. काय घ्यावे?

उत्तर : गुरुजींच्या कानाबद्दल शंका नाही, पाठ मात्र आपली आहे. 85 वॅटच्या व्हॉल्व्हच्या ट्विन रिव्हर्बचे वजन सुमारे 29 किलो भरते, त्यातच पेडल स्टीलची पेटी वेगळी उचलायची असते, आणि व्हॉल्व्ह ही झिजणारी वस्तू असल्यामुळे ते बदलण्याचा खर्च अधूनमधून येतच राहतो. फेंडरनेच 2019 मध्ये त्याचा टोन मास्टर हा डिजिटल अवतार काढला. त्यात हलके निओडिमियम स्पीकर असून त्याचे वजन सुमारे 15 किलो, म्हणजे जवळजवळ निम्मे आहे. शिवाय स्टील गिटारपुरते पाहिले तर व्हॉल्व्हचा बडेजाव थोडा फिकाच पडतो, कारण व्हॉल्व्हची प्रसिद्ध गोडी बरीचशी आवाज फाटू लागण्याच्या सीमेवर असते आणि आपण त्या सीमेपासून दूरच राहत असतो. सत्तरच्या दशकापासून पीव्हीचे सॉलिड-स्टेट ॲम्प्लिफायर कित्येक व्यावसायिक स्टील गिटारवादकांनी स्वखुशीने वापरले, ते उगाच नव्हे.

प्रश्न : परदेशातून मागवल्यास तोच ॲम्प्लिफायर बराच स्वस्त पडतो. मागवावा का?

उत्तर : आधी मागील बाजूचा विजेचा आकडा पाहावा. 120 व्होल्टसाठी बनवलेला नग 230 व्होल्टला जोडला तर तो त्याच क्षणी निकामी होऊ शकतो, आणि व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर घेतला तर खर्च आणि वजन दोन्ही वाढतात. 100 ते 240 व्होल्ट चालते असे उत्पादकानेच लिहिले असेल तर ही अडचण नाही. तरीही वाहतूक, आयात कर आणि देशाबाहेर बहुधा लागू न होणारी वॉरंटी यांचा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय ‘स्वस्त’ हा शब्द वापरू नये. जड कॉम्बोच्या, म्हणजे स्पीकर आतच बसवलेल्या ॲम्प्लिफायरच्या, बाबतीत उरणारी बचत सहसा नगण्य असते. नुसते हेड, म्हणजे स्पीकरविना ॲम्प्लिफायर, मागवून स्पीकरचे कॅबिनेट जवळपास घेतल्यास मात्र ती कधी कधी खरी ठरते, आणि त्या वेळी दोहोंचे ओहम जुळतात ना, हे तपासून घ्यावे.

प्रश्न : मी घरीच, एकटी, सहा तारांचे लॅप स्टील वाजवते. मलाही 80 वॅट लागतील का?

उत्तर : नाही. लॅप स्टील म्हणजे मांडीवर ठेवून वाजवायचे, पेडल नसलेले स्टील गिटार. व्हॉल्यूम पेडल नसेल आणि ड्रम नसतील तर 15 ते 30 वॅट पुरेसे आहेत, फक्त स्पीकर 8 इंचांपेक्षा लहान नसावा. लॅप स्टीलवर थोडी खरखर पुष्कळांना आवडतेही, त्यामुळे वर निषिद्ध ठरवलेले दुसरे चॅनेल आपल्याला कदाचित उपयोगी पडेल.