मनिलात दत्तक घेतलेल्या भावंडांना पुण्याच्या घरी आणल्यावर पहिले काही आठवडे कसे काढावेत?

आपण लिहिले आहे की, नोकरीनिमित्त मनिलात राहत असताना दत्तक घेतलेल्या ६ आणि ३ वर्षांच्या भावंडांना घेऊन आपण उभयता पुढच्या महिन्यात कायमचे पुण्यात परतत आहात. आपले तीन प्रश्न आहेत: पहिल्याच रविवारी नातेवाइकांना बोलावून छोटासा समारंभ करावा का, घरात पहिल्या दिवसापासून मराठीच बोलावे का, आणि मुलांना शाळेत केव्हा घालावे. आम्हीही २०१७च्या जुलैअखेरीस ७ वर्षांची मुलगी आणि ४ वर्षांचा मुलगा घेऊन याच वाटेने एरंडवण्यातल्या घरी आलो, म्हणून उत्तर लिहिण्याचे धाडस करते. कागदपत्रे पूर्ण झाल्याचे आपण म्हणता, तेव्हा त्या विषयात शिरत नाही.

समारंभ करू नका. निदान पहिले सहा आठवडे तरी नको. असे का म्हणते, ते जरा विस्ताराने सांगते, कारण आम्ही नेमकी तीच चूक केली होती.

आमच्या वेळी फिलिपिन्समध्ये १९९८चा कायदा लागू होता. तेथे राहणाऱ्या परदेशी दांपत्याचे सलग ३ वर्षांचे वास्तव्य, समाजसेविकेच्या देखरेखीखाली मुलांसोबत किमान ६ महिने राहणे आणि मग न्यायालयाचा निकाल, असा क्रम असे. (२०२२च्या कायद्याने वास्तव्याची अट ५ वर्षांची केली आणि हे काम न्यायालयाकडून काढून प्रशासनाकडे दिले.) पुण्याला निघेपर्यंत मुले आमच्याकडे ८ महिने राहिलेली होती. त्यामुळे सुरुवातीचे अवघड दिवस मागे पडले, अशी आमची ठाम समजूत होती. पुण्यात ते दिवस पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले आणि पहिल्यापेक्षा कठीण झाले. मनिलात आम्ही दोघे मुलांना नवे होतो, पण रस्ता, भाषा, शिजणाऱ्या भाताचा वास, टीव्हीवरचे आवाज हे सारे त्यांचे होते. येथे आमच्याखेरीज ओळखीचे काहीच उरले नव्हते, आणि आम्हीही येथे वेगळेच वागत होतो. भराभर मराठी बोलत होतो, सतत फोनवर होतो, दहा माणसांना एकाच वेळी उत्तरे देत होतो.

सिंगापूरमार्गे मुंबई आणि तेथून गाडीने पुणे असा प्रवास झाला. बोरघाटात मुलाला उलट्या झाल्या. दारात सासूबाई औक्षणाचे तबक घेऊन उभ्या होत्या. फिलिपिन्समध्ये वडीलधाऱ्यांचा हात हातात घेऊन आपल्या कपाळाला लावण्याची रीत आहे. मुलीने मोठ्या आदराने आजीचा हात धरायला आपला हात पुढे केला आणि तबक कलंडून निरांजन खाली पडले. मुलगी पांढरीफटक पडली. सासूबाई मात्र ‘इडापिडा टळली’ म्हणून मोकळ्या झाल्या आणि त्यांनी आपला हात तिच्या कपाळाला लागू दिला, याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. औक्षण करायचे असेल तर अवश्य करावे, पण काय होणार आहे ते मुलांना आदल्या दिवशी सांगावे, आणि त्यांची रीत घरातल्या मोठ्यांना.

त्या रविवारी पंधरा-सोळा माणसे आली. मुलगा एकाच्या मांडीवरून दुसऱ्याच्या मांडीवर हसत हसत जात राहिला आणि ‘किती लाघवी आहे हो’ असे सगळ्यांनी कौतुक केले. मलाही बरे वाटले. गुरुवारी सकाळी गॅसचे सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाचे बोट धरून तोच मुलगा मजेत जिना उतरून चालला होता. तेव्हा लक्षात आले की, याला लाघव म्हणायचे नाही. ज्या मुलाचे पालनपोषण संस्थेत, पाळीपाळीने येणाऱ्या अनेक हातांनी झाले आहे, त्याला कोणाच्याही कडेवर जाता येते, कारण अमुक एक माणूस आपला, ही रेघ त्याच्या मनात अजून पक्की उमटलेली नसते. मनिलात ती उमटू लागली होती आणि एका दुपारच्या कौतुकाने आम्ही ती पुसट केली.

त्या दिवसापासून आम्ही एकच नियम केला आणि तो जवळजवळ दोन महिने पाळला: भरवणे, आंघोळ, झोपवणे, लागले-खुपले तर जवळ घेणे आणि खाऊ देणे ही कामे फक्त आई आणि बाबांची. बाकीच्यांनी बोलावे, खेळावे, पण एका वेळी एकाच घरातल्यांनी यावे, अर्धा-पाऊण तास बसावे आणि मुलाला उचलून घेऊ नये. पुण्यात हे सांगणे किती कठीण जाते, ते आपणांस ठाऊक असेलच. एका नात्यातल्या बाईंनी ‘आमच्या हाताला काही लागलंय का’ असे सरळ विचारले. सासूबाईही दुखावल्या. नातवंडांना भरवण्याची त्यांनी किती वर्षे वाट पाहिली होती, हे मला माहीत होते. शेवटी यजमानांनी त्यांना सिलिंडरवाल्याची हकिगत जशी घडली तशी सांगितली, आणि त्यानंतर त्यांनी स्वयंपाक करायचा व आम्ही वाढायचे, अशी वाटणी आपोआप ठरून गेली.

जेवणाचा प्रश्न वाटला होता त्यापेक्षा सोपा निघाला, कारण साम्ये पुष्कळ आहेत. सकाळच्या पोह्यांना मुलांनी हात लावला नाही, पण लसणीची फोडणी दिलेला शिळा भात पाहून मुलगी ‘सिनांगाग!’ म्हणून ओरडली. इडली म्हणजे ‘पुतो’, चिंचेचे सार म्हणजे ‘सिनिगांग’चा लांबचा नातेवाईक, मऊ भातात आले किसून घातले की ‘लुगाव’. सुक्या मासळीचा मात्र तोडगा निघाला नाही. घर शाकाहारी असल्याने शनिवारी बाहेर जाऊन मासे खायचे, एवढ्यावर तडजोड झाली. एक चूक माझी. रोज दोन वेळा पेलाभर दूध पाजण्याचा मी आग्रह धरला आणि दोघांचीही पोटे आठवडाभर बिघडली. दूध न पचणे आग्नेय आशियात अगदी सर्रास आढळते, हे बालरोगतज्ज्ञांनी सांगितल्यावर आम्ही ताकावर आलो. लसीकरणाची तेथली नोंदवही घेऊन पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे, म्हणजे असले प्रयोग घरी करावे लागणार नाहीत.

मनिलाचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. मुले संध्याकाळी सहालाच पेंगतात आणि पहाटे साडेतीनला टक्क जागी होतात. आठ-दहा दिवस आपणही तसेच झोपावे, हे उत्तम. आमच्याकडे यात ढोल-ताशांची भर पडली. गणपती जवळ आले होते आणि म्हात्रे पुलाजवळच्या नदीपात्रात पथकांचा सराव नेमका त्यांच्या झोपेच्या वेळी सुरू होई. मुलगा खिडकीत नाचे, मुलगी कानांवर उशी दाबून घेई. तिसऱ्या दिवशी आम्ही तिला तेथे नेऊन ढोल जवळून दाखवला, त्यानंतर तिची तक्रार उरली नाही. पावसाने मात्र कोणालाच परके केले नाही. तेथे ‘हबागात’ म्हणतात तो हाच नैऋत्य मोसमी वारा. सासूबाईंनी सजवून ठेवलेली स्वतंत्र खोली चार महिने रिकामी राहिली आणि आम्ही चौघे एकाच खोलीत जमिनीवर गाद्या घालून झोपलो.

मुलीबद्दल थोडे वेगळे लिहिले पाहिजे, कारण आपल्याकडेही थोरली मुलगीच आहे. ती भावाचे ताट संपेपर्यंत स्वतः जेवत नसे आणि रात्री दोनदा उठून त्याच्या अंगावर हात ठेवून पाही. सगळे तिला ‘शहाणी’ म्हणत. ते शहाणपण तिच्यावर पडलेले ओझे होते. ते एकदम काढून घेतले असते तर तिला आपला अपमान झाल्यासारखे वाटले असते. म्हणून मी तिच्या शेजारी बसून ‘आज मी पाहते, तू मला सांग कसे करायचे ते’ असे म्हणत एकेक काम माझ्याकडे घेतले. भाऊ तिला ‘आते’ म्हणे. तेथे थोरल्या बहिणीला तसेच म्हणतात, पण शेजारच्या काकूंचा बरेच दिवस असा समज होता की, तो आपल्या आत्याची आठवण काढून रडतो.

यातच आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. मराठी अवश्य बोलावे, पण भूक, तहान, भीती, दुखणे आणि लघवी या पाच गोष्टींसाठी त्यांचेच शब्द चालू ठेवावेत: ‘गुतोम’, ‘तुबिग’, ‘ताकोत’, ‘मासाकित’, ‘इही’. रात्री दोन वाजता घाबरलेल्या मुलाला मराठी आठवत नाही. हे शब्द एका कागदावर लिहून आजी-आजोबांनाही द्यावेत. ‘मुखा’ म्हणजे चेहरा आणि ‘गुरो’ म्हणजे शिक्षक, हे समजल्यावर आमच्या सासऱ्यांना इतका आनंद झाला की, ते रोज सकाळी नातीकडून एक शब्द शिकू लागले. भावंडे आपसांत टागालोगमध्ये बोलत असतील तर टोकू नये. आम्ही टोकले नाही, पण जपलेही नाही, आणि मुलाची ती भाषा वर्षभरात गेली. आज त्याचे मला वाईट वाटते.

रजेविषयी आपण विचारलेले नाही, तरीही सांगते. त्या वर्षी दुरुस्त झालेल्या मातृत्व लाभ कायद्यात दत्तक मातेसाठी १२ आठवड्यांची रजा होती, पण मूल तीन महिन्यांपेक्षा लहान असेल तरच. मला साठवलेली सगळी रजा वापरावी लागली, आणि ती आधीच साठवून ठेवली होती म्हणूनच निभावले.

शाळेची घाई करू नये. आम्ही दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत थांबलो आणि मुलाला तर पुढच्या जूनमध्येच घातले. तत्पूर्वी मुलीला घेऊन तीन-चार वेळा शाळेत जाऊन आलो, जिना, वर्ग आणि स्वच्छतागृह दाखवले. शिक्षिकांना आणखी एक गोष्ट आधी सांगून ठेवावी, जी आम्ही सांगितली नव्हती. तेथील लोक ‘हो’ म्हणण्यासाठी न बोलता नुसत्या भुवया उंचावतात. पहिल्याच आठवड्यात शाळेतून तक्रार आली की, मुलगी कशालाच उत्तर देत नाही. ती दर वेळी हो म्हणत होती.