जुन्या तबकडीच्या फोनची तबकडी फार हळू परत येते आणि फायबरच्या मोडेमला जोडला तर नंबर लागत नाही. दुरुस्त होईल का?

होईल, पण ही दोन वेगळी दुखणी आहेत.

तबकडी परत येताना लाइनचा प्रवाह ठरावीक वेळा तोडते, ५ ला पाच वेळा, ० ला दहा वेळा. प्रत्येक तोड म्हणजे एक ठोका. वेग सेकंदाला साधारण १० ठोके असावा लागतो आणि तो आतला छोटा गव्हर्नर सांभाळतो. तबकडी रेंगाळते त्याचं कारण बहुधा वाळून चिकट झालेलं जुनं वंगण. ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढा आणि दातेरी चाकांच्या आसांना घड्याळाच्या तेलाचा अगदी बारीक थेंब द्या. गव्हर्नरच्या घर्षणाच्या वाटीत मात्र तेल अजिबात जाऊ देऊ नका, नाहीतर तबकडी सुसाट सुटते. स्प्रिंग आवळायचा मोह होतो, पण तो शेवटचा उपाय.

मोडेमचं म्हणाल तर फोनचा दोष नसण्याचीच शक्यता जास्त. बऱ्याच मोडेमना हे ठोके कळतच नाहीत, त्यांना टोन, म्हणजे बटणांच्या फोनसारखे सूर, लागतात. मध्ये पल्स-टू-टोन कन्व्हर्टर, म्हणजे ठोक्यांचे टोन करणारं उपकरण, बसवा. येणारे कॉल त्याच्याशिवायही घेता येतात. घंटी क्षीण वाजत असेल तर मोडेमची रिंगिंगची ताकद कमी पडतेय. आणि हो, फोन उघडण्याआधी लाइन काढाच, कारण रिंग होताना तिच्यावर ७५ ते ९० व्होल्ट एसी असतो.

आवाज घोगरा येत असेल तर माउथपीस तळहातावर हलकेच आपटा, कार्बनचे कण मोकळे होतात. फोनचं आवरण बॅकेलाइटचं, म्हणजे जुन्या कडक प्लास्टिकचं, असेल तर त्याला सँडपेपर लावू नका. वरचा गुळगुळीत थर गेला की तो परत येत नाही.