'मला घेता का?' शिकवताना

सांगलीत अध्ययन अक्षमता असलेल्या, म्हणजे वाचणं-लिहिणं-गणित अवघड जाणाऱ्या मुलांना शिकवायला रुजू झालीस, छान झालं. आता त्यांना इतर मुलांत मिसळायला शिकवण्याबद्दल एक ऐक. 'चांगलं वागावं' यावर तास घेऊ नकोस, ते वाक्य मुलांना कधीचं पाठ असतं. एकच बारीक कौशल्य घे. समज, खेळात सामील होणं. जवळ जाऊन उभं राहायचं, खेळ बघायचा, डाव संपला की 'मला घेता का?' विचारायचं. आधी तू करून दाखव, मग मुलाकडून करवून घे आणि लगेच सांग, 'डाव संपेपर्यंत थांबलास, हे आवडलं.' नुसत्या 'शाब्बास'मधून नेमकं काय जमलं ते त्याला कळत नाही. समोरून 'नाही' आलं तर काय करायचं, याचा सराव मात्र दुप्पट. भांडणं तिथंच पेटतात.

वर्गात जमलेलं मैदानावर जमेलच असं नाही. म्हणून खिचडीच्या रांगेत, आईबरोबर गणपती पेठेतल्या दुकानात, तिथंही करू दे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमताही दिव्यांगत्व म्हणून धरली आहे, पण त्याच्या प्रमाणपत्राच्या फेऱ्या संपेपर्यंत हे काम थांबवू नकोस.

पोरगं चिडलं असताना शिकवायला जायचं नाही. शांत झाल्यावर, चिडण्याआधी काय घडलं ते वहीत टिप. बऱ्याचदा कुणीतरी त्याला मोठ्यानं वाचायला उभं केलेलं असतं.