इतिहास : मेजर की मायनर?

प्रश्न : पदवीसाठी इतिहास आणि अर्थशास्त्र यांपैकी एक विषय मेजर (मुख्य) आणि दुसरा मायनर (दुय्यम) म्हणून निवडायचा आहे. इतिहासाची मला मनापासून आवड असून सनावळ्या तोंडपाठ आहेत. घरच्यांच्या मते मात्र इतिहास घरी वाचूनही होतो. काय करावे?

उत्तर : सनावळ्या पाठ असल्याचा विद्यापीठात आपल्याला वाटतो तेवढा उपयोग होणार नाही, कारण तिथे सन आयता मिळत नाही, तो कागदावरून ठरवावा लागतो. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद ३० जानेवारी १६४९ रोजी झाला, असे आपण वाचतो. त्याच्या मृत्युदंडाच्या आदेशपत्रावर मात्र १६४८ हे साल आहे. ही लेखनिकाची चूक नव्हे. त्या काळी इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई, शिवाय तिथली दिनदर्शिका फ्रान्सपेक्षा दहा दिवस मागे होती. त्यामुळे लंडनच्या कागदात ३० जानेवारी १६४८ असलेला दिवस पॅरिसमध्ये ९ फेब्रुवारी १६४९ होता. याच आदेशपत्रावर ५९ जणांच्या सह्या आहेत आणि काही ठिकाणी मूळ मजकूर खरवडून त्यावर नव्याने लिहिलेले आहे. साहजिकच सह्या कधी घेतल्या आणि मजकूर कधी बदलला, यावर अभ्यासकांचा वाद आहे.

या कामाला साधनचिकित्सा, म्हणजे मूळ कागदपत्रांची पारख, म्हणतात, आणि घरच्यांचे म्हणणे इथे अपुरे पडते. ग्रंथ घरी वाचता येतात, पण आपण काढलेल्या निष्कर्षातील कच्चे दुवे तोंडावर दाखवणारे कोणी घरी नसते. जर्मन इतिहासकार लिओपोल्ड फॉन रांके यांनी एकोणिसाव्या शतकात बर्लिनमध्ये निवडक विद्यार्थ्यांना सोबत बसवून अस्सल साधने तपासायची जी पद्धत रुजवली, ती याचसाठी. एका जीर्ण कागदापायी आठवडा घालवणे आपल्याला जाच वाटणार नसेल, तर इतिहास मेजर घ्यावा. केवळ गतकाळाच्या कथांची ओढ असेल, तर तिसऱ्या वर्षाचा प्रबंध फार जड जातो.

मात्र किमती, दुष्काळ, व्यापार, कर यांविषयीचे प्रश्न आपल्याला खुणावत असतील, तर अर्थशास्त्र मेजर आणि इतिहास मायनर ही जोडी मला अधिक सोयीची वाटते, कारण अर्थशास्त्राला लागणारे गणित पहिल्या वर्षी राहून गेले, तर ते पुढे भरून काढणे अवघड असते. ही जोडी ओढूनताणून जुळवलेली नाही : मार्क ब्लॉक आणि ल्युसिएँ फेव्र या इतिहासकारांनी १९२९ मध्ये फ्रान्समध्ये सुरू केलेल्या नियतकालिकाच्या नावातच आर्थिक आणि सामाजिक इतिहास होता. नोकरीचे म्हणाल, तर प्रशासन, कायदा, पत्रकारिता, वस्तुसंग्रहालये ही क्षेत्रे आहेत. पण नुसत्या पदवीवर यांपैकी फारसे काही मिळत नाही.

मायनर घेणारे बहुतेक विद्यार्थी प्राचीन, मध्ययुगीन, आधुनिक असे आढावा घेणारे पेपर गोळा करतात आणि त्यांच्या हाती पुन्हा सनावळ्याच उरतात. त्याऐवजी इतिहासलेखनपद्धतीचा एक पेपर आणि अस्सल साधनांवर दीर्घ निबंध लिहावा लागेल असा एक पेपर आवर्जून घ्यावा. हे दोन्ही पेपर मायनरच्या विद्यार्थ्यांना खुले आहेत की नाहीत, हे प्रवेश अर्ज भरण्यापूर्वीच विभागात विचारून घ्यावे; नसतील, तर मेजरचा विचार पुन्हा करावा.